दाराजवळचं बाकडं

"हा मळ नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि निशिगंधाचा हात आपोआप ओढणीकडे गेला. खरं तर त्यांनी तिच्याकडे बघायचं काही कारणच नव्हतं. पेशंट होती आत्या. कृष्णाआत्याला मधुमेह होता आणि तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती, म्हणून निशिगंधा गणपतीच्या कारखान्यातून सुट्टी काढून पेणहून रोह्याला आली होती आणि आत्याला रिक्षात घालून या दवाखान्यात घेऊन आली होती. डॉक्टर मृणाली वयाने तिच्याच जोडीच्या, तिशीतल्या. स्टुलावर बसून त्या जखम धूत होत्या, निशिगंधा वाकून आत्याचा पाय धरून उभी होती, आणि तेवढ्यात ओढणी घसरली. डॉक्टरांनी वर पाहिलं. आधी निशिगंधाच्या मानेकडे, मग आत्याच्या मानेकडे, मग पुन्हा निशिगंधाच्या. आणि कुणी काही विचारलेलं नसताना त्या म्हणाल्या, हा मळ नाही. निशिगंधाला राग यायला हवा होता. आला नाही. तिला भलतंच वाटलं, की बाईंना कसं कळलं, मी घासते ते?

कारण घासणं ही तिच्या आयुष्यातली फार जुनी गोष्ट होती. पेणजवळच्या जिते गावातल्या घरी मोरीत बसवून आई तिची मान घासायची. आधी साबणाने, मग डाळीच्या पिठाने, मग लिंबाच्या सालीने, आणि शाळेतल्या बाईंनी एकदा आईला सगळ्या वर्गादेखत "पोरीला आंघोळ घालता की नाही" असं विचारल्यावर टाचा घासायच्या वज्रीने. कातडी लाल व्हायची, झोंबायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच काळी घडी मानेभोवती येऊन बसायची. आईचा हात थकला तेव्हा निशिगंधाने स्वतःचा हात लावला. मोठी झाल्यावर तिने गोरं व्हायचं क्रीम लावलं, उन्हाळ्यातही ओढणी गुंडाळली, फोटोत हनुवटी खाली घातली. पण हे सगळं करताना तिने ती मान कधी नीट पाहिली नव्हती. आणि पाहणं हे तर तिचं काम. कारखान्यात गणपतीच्या अंगाचा रंग कालवायला तिलाच बोलावत. गळ्याच्या वळीत स्प्रेने किती सावली मारायची, कुठे थांबायचं, हे तिला विचारल्याशिवाय पोरं बटण दाबत नसत. त्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीवरच्या आरशात, हातातला मोबाइल मागे धरून, तिने आपली मान पहिल्यांदा रंगाऱ्यासारखी पाहिली. सावली एकसारखी होती, कडेला विरळ होत गेलेली, मखमलीसारखी थोडी जाड. मळ असा बसत नाही. मळाला कुठलं आलंय शेडिंग. इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

डॉक्टर सांगत होत्या आणि ती ऐकत होती. रक्तातली साखर आत घेण्यासाठी शरीर इन्शुलिन बनवतं. काही बायकांचं शरीर त्याचं ऐकतच नाही, मग ते बिचारं आणखी बनतं, आणखी बनतं, आणि ते जास्तीचं सगळीकडे उठतं. मानेवर. हनुवटीवरच्या केसांत. पोटाच्या घेरात. आणि पाळी अडवतं. "पाळी कशी येते तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. निशिगंधा म्हणाली, "येते. कधी चार महिन्यांनी, कधी सहा." कॉलेजात असताना सोनोग्राफी करून कुणीतरी सांगितलं होतं की अंडाशयात गाठी आहेत, लग्न झालं की बघू. लग्न झालं नाही, तेव्हा बघणंही राहिलं. डॉक्टर मृणाली हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मूल हवं असेल तेव्हा या, असंच सगळे सांगतात. पण साखर, रक्तदाब, हृदय हे मूल नसलं तरी तुमचंच असतं ना?" बोटातून रक्त काढून पाहिलं तर साखर अगदी उंबऱ्यावर होती. अजून आत आलेली नाही, पण दार वाजवतेय, असं काहीसं त्या म्हणाल्या. मग गोळ्या, जेवणानंतर चालणं, ताटातला भात कमी, वाल-मूग जास्त. आणि पाळी महिन्याच्या महिन्याला आली पाहिजे. नाहीच आली तर निदान तीन महिन्यांत एकदा आणावी लागेल, कारण आतलं अस्तर साठून राहणं बरं नाही. आत्या इतका वेळ पाय लांब करून ऐकत होती. ती म्हणाली, "आनि मला? माझी मान बी तशीच हाय. लहानपनापासनं." डॉक्टरांनी तिच्या पायावरची पट्टी चिकटवली आणि हळू आवाजात सांगितलं, की बहुतेक तुमचंही तेच असणार; तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

परतीच्या एसटीत निशिगंधा सगळ्यात मागच्या सीटवर बसली आणि तिला एक विचित्र नाद लागला. पुढच्या सगळ्या माना दिसत होत्या. नागोठण्याला चढलेली कंपनीच्या शिफ्टची मुलगी, आंबोडा वर बांधलेला, मान स्वच्छ. तिच्या शेजारी एक गुबगुबीत बाई, पदर सरकला तशी तीच काळी घडी. खिडकीशी एक शाळकरी पोर. तिच्याही मानेवर सुरुवात झालेली, आणि तिची आई तिथेच थुंकी लावून बोटाने ती घासत होती. निशिगंधाला उठून त्या बाईचा हात धरावासा वाटला. धरला नाही. धरून काय सांगणार होती? वडखळला बस थांबली, पापडवाल्या बायका चढल्या, उतरल्या, त्यांच्याही माना तिने बघून घेतल्या. तिला आपण चोरून कुणाच्या घरात डोकावतोय असं वाटत होतं, आणि तरीही नजर काढवत नव्हती. इतक्या जणी. आणि सगळ्या आपापल्या मोरीत घासत बसलेल्या. पेण येईपर्यंत तिला भीती अशी वाटलीच नाही. भीती नंतर आली, कारखान्याच्या दारात, आणि ती आजाराची नव्हती.

महिपतीकाकांच्या कारखान्यात शिरताना डाव्या हाताला, अगदी दाराजवळ, एक लांब बाकडं आहे. त्यावर बसून काचपेपरने घासायचं काम चालतं, खोकी भरायचं काम चालतं. एरवी तिथे कुणीही बसतं. पण आखणी करणारी बाई, म्हणजे गणपतीचे डोळे काढणारी, सकाळी येऊन आतल्या खिडकीजवळच्या जागेवर न जाता या बाकड्यावर बसली, की सगळ्यांना कळतं. कुणी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. साच्याला, घासायला, अंग रंगवायला, खडे चिकटवायला चार दिवसांची आडकाठी नाही; महिपतीकाका तेवढे जुन्या वळणाचे नाहीत. फक्त डोळ्यांना. डोळे काढले की गणपती बघायला लागतो, असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि पहिली नजर, असं म्हणून काका पुढचं बोलणं गिळून टाकत. शेजारच्या कारखान्यांत असलं काही पाळत नाहीत. इथे पाळतात. पूर्वी खिडकीजवळ भाविका बसायची. तिच्या हाताला निशिगंधापेक्षा गोडवा जास्त, हे निशिगंधालाही माहीत होतं. पण ऐन घाईत, गाड्या भरायला उभ्या असताना, भाविका एका सकाळी बाकड्यावर येऊन बसली. काकांनी कपाळावर हात मारला, इकडे तिकडे पाहिलं, आणि निशिगंधाला म्हणाले, तू बस. ती बसली. पुढच्या महिन्यातही बसली, त्याच्या पुढच्याही. ती कधी बाकड्यावर आलीच नाही, किंवा आली ती अशा दिवसांत की कामच नसायचं. भाविका मुकुटांना खडे लावू लागली आणि तिथेच राहिली. "नशीबवान हायेस बाय," बायका निशिगंधाला म्हणायच्या, "तुला कटकटच नाय." आणि काका नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, की आमच्या आखणीला खंड नाही. आता रोह्याची डॉक्टर तो खंड गोळीत घालून देत होती. निशिगंधा दारात उभी राहून त्या बाकड्याकडे बघत राहिली, आणि तिला पहिल्यांदा लख्ख कळलं की ज्या जागेवर आपण हक्काने बसतो, ती जागा आपल्या आजाराने मिळवून दिली आहे.

गोळ्यांची पट्टी पर्समध्ये तशीच राहिली. रोज जेवताना ती काढून बघायची आणि परत ठेवायची. अडचण अशी, की तिला पाळी हवी होती की नको, हेच तिला माहीत नव्हतं, कारण दर महिन्याला येणारी पाळी कशी असते हेच तिला ठाऊक नव्हतं. तिची यायची तेव्हा संकट आल्यासारखी यायची, कपडे बुडवून, पंधरा पंधरा दिवस ठाण मांडून. एका दुपारी चहाच्या वेळी तिने भाविकाला विचारलंच. बाकड्यावर बसायची काही गरज नसताना भाविका त्या दिवशी तिथेच वारा खात बसली होती. "दर महिन्याला आली की कसं वाटतं गो?" भाविकाने तिच्याकडे असं पाहिलं, की ही थट्टा करतेय की काय. "कसं म्हंजे? पोट दुखतं. चिडचिड होते. मग जाते." मग बशीतला चहा संपवून ती म्हणाली, "पन येक सांगू, ती गेल्यावर ना, आंग हलकं होतं. घर झाडून काढल्यावर कसं वाटतं, तसं. का गो? तुला कशाला पायजेल?" निशिगंधा म्हणाली, सहज. भाविका उठता उठता बोलली, "सहज कोन इचारत नाय." पण तिने पुढे खोदलं नाही. निशिगंधाला तिचं ते अंग हलकं होणं दिवसभर पुरलं. आपलं अंग कधी हलकं झालंय का, हे ती आठवत राहिली, आणि आठवेना.

आत्याचा अंगठा अखेर काढावाच लागला. निशिगंधा भेटायला गेली तेव्हा आत्या खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर, आणि चेहरा एखादं कोडं सुटत नसल्यासारखा. हिला मूल झालं नाही, नवरा लवकर गेला, तरी रोह्यात हिच्याइतका आदर निशिगंधाने कुणा बाईचा पाहिला नव्हता. कुणाकडे पूजा असो, सत्यनारायण असो, ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दारात यायची असो, नैवेद्याला कृष्णाबाई. ऐन वेळी घरच्या सुनेला अडचण आली की माणूस धावत यायचा, कृष्णाबाईला बोलवा, तिला काय नसतं. लहानपणी निशिगंधा तिच्याबरोबर जायची. लोक आत्याला पाट द्यायचे, हातात नारळ द्यायचे, वाटीभर साखरभात जास्तीचा वाढायचे, जाताना डबा भरून गोड द्यायचे. आत्या तो डबा रात्री एकटी संपवायची. ते सगळं गोड निशिगंधाला आता आठवलं. आत्या म्हणाली, "इचार करतेय मी. लोकं म्हनायची, कृष्णाबाईची पुन्याई मोठी, देवानं तिला मोकळी ठेवलीय. मी बी मानलं गो. कुना बाईला चार दिस बाजूला बसलेली बघितली का मला वाटायचं, मी हिच्याहून येक पायरी वर. आनि हा रोग होता व्हय?" निशिगंधाला आत्याचा पाय जवळ ओढून घ्यावा आणि रडावं असं वाटत होतं. आत्याच पुढे बोलली, आणि आवाजात रडं नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. "पोरी, दर महिन्याला येते तेव्हा कसं वाटतं गो बायकांना? मी कुनाला इचारलंच नाय कधी." निशिगंधाने भाविकाचं वाक्य तिला सांगितलं, घर झाडून काढल्यासारखं. आत्याने ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाली, "बरं असनार मग." आणि मग, "तू गोळ्या घेतेस ना?" निशिगंधा खोटं बोलणार होती. पण आत्याचे डोळेही आता अधू झाले होते, आणि त्या अधू डोळ्यांनी ती इतकी नीट बघत होती, की खोटं जमलं नाही. "नाय घेतल्या अजून," ती म्हणाली, "जागा जाईल माझी." आत्याने उशीवरचा पाय थोडा हलवला, दुखलं असावं. "माझी जागा नाय गेली कदी," ती म्हणाली, "आंगठा गेला." एवढंच. निशिगंधाने तिथेच तिच्या तांब्यातलं पाणी घेऊन पहिली गोळी घेतली.

मग चालणं सुरू झालं. पेणला स्टेशनवर उतरून ती कारखान्यापर्यंत विक्रम रिक्षा करायची, ती सोडली. संध्याकाळी जित्याला उतरली की घरी न जाता शेताच्या बांधावरून पुढे जायची, लोक विचारायचे, काय हरवलंय का गो, आणि ती म्हणायची, शोधतेय. गोळीने सुरुवातीला पोट ढवळायचं, भाताशिवाय ताट उपाशी वाटायचं, आई कुरकुरायची की पोरीने भात सोडला, हे काय चांगलं लक्षण नाय. मान तशीच होती. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तिथला रंग सगळ्यात शेवटी उतरतो. पण दुसरंच काहीतरी हलत होतं. दुपारी जेवल्यावर डोळ्यांवर जी झापड यायची आणि जिच्याशी झगडत ती पापण्यांच्या रेषा काढायची, ती झापड विरळ झाली. कधी ओटीपोटात एक बारीक ओढ यायची आणि निघून जायची. ती ब्रश थांबवून ऐकत बसायची, वरच्या मजल्यावर कुणी चालतंय का ते ऐकतात तशी. आपल्या आत काय चाललंय याची इतकी उत्सुकता तिला कधीच वाटली नव्हती. आजपर्यंत शरीर म्हणजे झाकायची आणि घासायची गोष्ट होती. आता ते बोलेल म्हणून ती वाट बघत होती, आणि त्याच वेळी मनात म्हणत होती, आज नको, आषाढ संपू दे, ही गाडी भरू दे. दोन्ही खरं होतं. ती स्वतःलाच हसायची, की एकीकडे पाहुण्याला आवतण द्यायचं आणि दुसरीकडे दाराला कडी लावायची.

पाहुणी आली ती नेमकी भर गर्दीत. मुंबईची गाडी रस्त्यावर उभी, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, महिपतीकाका एकेक मूर्ती तपासून आत पाठवतायत. निशिगंधाच्या पुढ्यात कमरेएवढी मूर्ती होती, लोडाला टेकलेली. तिचा उजवा डोळा काढून झाला होता: पांढरं, मग काळं, मग पापणीची रेषा, मग तो बारीक पांढरा ठिपका, ज्याने नजर येते. आणि ब्रश धुवायला तिने हात वळवला तेव्हा पोटातली ती ओढ आली, आणि या वेळी गेली नाही. मागोमाग ऊब उतरली. तिला खात्री करायची गरज नव्हती. संकटासारखी नव्हती ती. शांतपणे आली होती. निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला इतका आनंद झाला की लाज वाटली. आणि लगेच कळलं, की आता उठायला हवं.

पण उठायचं कसं? एका डोळ्याची मूर्ती सोडून कुणी उठत नाही. ज्या हाताने पहिला, त्याच हाताने आणि त्याच बैठकीत दुसरा. नाहीतर दोन डोळ्यांत दोन माणसं दिसतात. हेही काकांच्या वडिलांचंच. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिच्यावर या कारखान्यात कुणालाच संशय आला नसता, कधीच. तिने दुसरा डोळा काढला असता, पुढची मूर्ती घेतली असती, आणि संध्याकाळी घरी गेली असती. उद्याही. दर महिन्याला चार दिवस, जन्मभर, ती काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीजवळ बसू शकली असती. तिला ते सगळे दिवस समोर दिसले आणि तिला ते मोरीत बसल्यासारखे वाटले.

"काय गो, थांबलीस?" काका म्हणाले.

"काका, मला पाळी आली," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण चोरूनही नाही. हा शब्द त्या कारखान्यात आजवर कुणी उच्चारला नव्हता. स्प्रेचा कंप्रेसर घरघरत होता तरी तो सगळीकडे गेला. दाराजवळच्या बाकड्यावर काचपेपर थांबला. भाविका मुकुटावरचा खडा चिमटीत धरून तशीच वळली.

महिपतीकाकांनी मूर्तीकडे पाहिलं. उघड्या डोळ्याकडे, मग कोऱ्या जागेकडे. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा नुसता गोंधळलेला होता, म्हातारा दिसत होता. "आता?" ते म्हणाले, आणि तिलाच विचारल्यासारखं पुन्हा, "आता गो?"

"डॉक्टरांची गोळी घेतेय, म्हनून आली," ती म्हणाली. "आता दर महिन्याला येईल. यायलाच पायजे. गोळी सोडली तर माझ्या आत्यासारखा माझा बी आंगठा जाईल." मग तिने ब्रश पांढऱ्यात बुडवला. काका काही बोलतील म्हणून थांबली. तिने श्वास धरला आणि रेषा ओढली. काढता काढता तिला खरोखरच बघायचं होतं, की आज काही वेगळं उतरतं का. काळं भरलं, पापणी ओढली, आणि शेवटी ठिपका ठेवला. मग ती मागे सरकली आणि जागा मोकळी केली.

काका पुढे आले. खिशातला टॉर्च काढून त्यांनी एका डोळ्यावर मारला, मग दुसऱ्यावर. वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चष्मा वर करून नाक लावण्याइतके जवळ गेले. फरक शोधत होते, आणि ते इतका वेळ शोधत राहिले की बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग त्यांनी टॉर्च बंद केला, खिशात घातला, आणि निशिगंधाकडे न बघता साच्याकडे उभ्या असलेल्या दामूला हाक मारली.

"पुढची आन रे," ते म्हणाले, "हिच्यासमोर ठेव."